बाबू हरदास एल. एन. : ‘जय भीम’च्या मागे उभे असलेले काम

दरवर्षी १२ जानेवारीला कामठीजवळ कन्हान नदीच्या काठावर माणसे जमतात. हातात निळे झेंडे असतात, तोंडी ‘जय भीम’ असतो. ज्या माणसाला अभिवादन करायला ती येतात, त्यानेच हा अभिवादनाचा शब्द समाजात रूढ केला. बाबू हरदास एल. एन. हे त्यांचे नाव. पूर्ण नाव हरदास लक्ष्मणराव नगराळे.

नागपूरच्या कुठल्याही बौद्ध वस्तीत सकाळपासून रात्रीपर्यंत ‘जय भीम’ ऐकू येतो. तो कोणी दिला, हे अनेकांना ठाऊक आहे. पण त्या माणसाने आणखी काय केले असे विचारले, तर आपल्यापैकी बहुतेक तरुण इथेच थांबतात. बाबू हरदास जेमतेम ३५ वर्षे जगले. तेवढ्या काळात त्यांनी साप्ताहिक काढले, रात्रशाळा चालवल्या, ग्रंथालय उभारले, स्त्रियांसाठी आश्रम सुरू केला, विडी कामगारांना सहकारी तत्त्वावर एकत्र आणले आणि शेवटी ते कायदेमंडळात निवडून गेले. एखाद्या शहराने आपल्या नागरिकांना जे द्यायला हवे, त्यातले बरेच काही त्यांनी समाजाच्या बळावर उभे केले. ‘जय भीम’ या सगळ्या कामातूनच पुढे आला. म्हणून त्यांची आठवण काढताना आधी काम सांगितले पाहिजे.

छावणीचे शहर

कामठी हे इंग्रजांनी वसवलेले गाव. १८२१ मध्ये कन्हानच्या काठी लष्कराची छावणी पडली आणि तिच्याभोवती बाजार, मोहल्ले आणि कामगारांच्या वस्त्या वाढत गेल्या. नागपूर इथून पंधरा-सोळा किलोमीटरवर. नागपुरात १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाली, रेल्वे आली आणि गावकीच्या कामात अडकलेल्या महार समाजाला रोख मजुरीची वाट दिसू लागली. छावणी, रेल्वे, गिरणी आणि विडी यांतून मिळणारा पैसा थोडाच होता. पण तो पाटलाच्या मर्जीवर अवलंबून नव्हता. विदर्भातील दलित चळवळ इतक्या लवकर उभी राहिली, त्यामागे हे मोठे कारण आहे.

अशा कामठीत ६ जानेवारी १९०४ रोजी हरदासांचा जन्म झाला. वडील लक्ष्मणराव रेल्वेत कारकून होते. घरात अक्षर होते आणि महिन्याचा पगार होता. त्या काळच्या महार कुटुंबासाठी ही दुर्मीळ गोष्ट. हरदास नागपूरच्या पटवर्धन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले. आर्य समाजाचे स्वामी ब्रह्मानंद यांच्याकडे ते संस्कृतही शिकले. जी भाषा आपल्या समाजाच्या कानावर पडू नये अशी व्यवस्था होती, ती त्यांनी समजून घेतली. १९२० मध्ये, त्या वेळच्या रीतीप्रमाणे, सोळाव्या वर्षीच साहुबाईंशी त्यांचे लग्न झाले.

मॅट्रिक झालेल्या महार तरुणाला तेव्हा नोकरी मिळणे अवघड नव्हते. वडिलांप्रमाणे रेल्वेत चिकटून त्यांना घर सावरता आले असते. त्यांनी दुसरा रस्ता धरला.

सतरा वर्षांचा संपादक

१९२१ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, हरदासांनी नागपुरातून ‘महारठ्ठा’ नावाचे साप्ताहिक सुरू केले. बाबासाहेबांचा ‘मूकनायक’ निघून तेव्हा वर्षच झाले होते. नागपुरात किसन फागूजी बनसोडे यांच्यासारखी ज्येष्ठ माणसे लेखणी आणि छापखान्याच्या जोरावर आधीपासून जागृती करत होती. हरदास त्याच परंपरेतले पुढचे तरुण.

पुढच्याच वर्षी त्यांनी विखुरलेल्या तरुणांना एकत्र आणून महार समाज पथक उभे केले. वस्तीवर हल्ला झाला, कुणाला मारहाण झाली, तर धावून जाणारी माणसे तयार असावीत, हा त्यामागचा विचार. रक्षण करणे हे सरकारचे काम खरे, पण पोलीस चौकीत आपली तक्रार लिहून घेतली जाईलच याची तेव्हा खात्री नव्हती.

अंधश्रद्धेवर ते तुटून पडत. १९२४ मध्ये त्यांनी एक छोटे पुस्तक लिहून लोकांत फुकट वाटले. देवादिकांच्या गोष्टींवर नाच-तमाशे करण्यात आणि पाहण्यात समाजाचा पैसा आणि वेळ कसा जातो, हे त्यात होते. ‘वीर बालक’ हे नाटकही त्यांनी लिहिले आणि रंगभूमीवर आणले. लोकांना नाटक आवडते तर त्यांच्यासमोर वेगळे नाटक ठेवावे, ही त्यांची रीत होती. कविताही त्यांनी केल्या, पुढे ‘जनता’ पत्रात लेख लिहिले.

पोटजातींच्या भिंती त्यांना मान्य नव्हत्या. संत चोखामेळ्यांच्या पुण्यतिथीला ते सहभोजन ठेवत. दलितांमधल्या वेगवेगळ्या पोटजातींची माणसे एका पंगतीत बसत. बाहेरच्यांकडे समता मागायची आणि घरात मात्र उतरंड ठेवायची, हे दुटप्पी वागणे त्यांनी चालू दिले नाही.

विडीच्या सुपातले पैसे

कामठी, नागपूर, भंडारा या पट्ट्यात विडीचा धंदा मोठा. जंगलातला तेंदूपत्ता जवळ आणि स्वस्त मजूर भरपूर. आपल्या समाजातली कितीतरी घरे या कामावर जगत. बाई मांडीवर सूप घेऊन बसते, भिजवलेले पान कात्रीने कापते, तंबाखू भरते, वळते आणि दोऱ्याने बांधते. मजुरी हजारामागे मिळते. संध्याकाळी माल मोजून घेताना ठेकेदार त्यातल्या काही विड्या वाईट म्हणून बाजूला काढतो. त्या छाट विड्यांची मजुरी कापली जाते. पाने कमी भरली तर तोटा कामगाराचा, तंबाखू कमी पडला तरी तोटा कामगाराचाच. घराघरांत बसून काम करणारी ही माणसे एकमेकांना भेटतही नाहीत. मग दर वाढवून मागणार कोण?

हरदासांनी नेमके इथे लक्ष घातले. त्यांनी विडी कामगारांची संघटना बांधली आणि सहकारी तत्त्वावर विडीचे काम सुरू करून दाखवले. ठेकेदार मधून काढला तर त्याच्या हातात जाणारा पैसा कामगाराच्या घरात राहतो, हे लोकांनी पाहिले. हे लोण पुढे विदर्भातल्या दुसऱ्या भागांतही पोहोचले.

विडी कामगारांच्या नोकरीच्या अटी ठरवणारा कायदा देशात १९६६ मध्ये आला आणि त्यांच्यासाठी कल्याण निधीचा कायदा १९७६ मध्ये झाला. हरदासांनी हा प्रश्न हाती घेतला तो त्याच्या कितीतरी आधी. इतिहासाच्या पुस्तकांत कामगार चळवळ म्हटले की मुंबईच्या गिरण्या येतात. कामठीतल्या अंगणात विड्या वळणाऱ्या बाया त्यात दिसत नाहीत. हरदासांच्या चळवळीत त्या होत्या.

स्त्रियांसाठी त्यांनी महिला आश्रमही काढला. दलित स्त्रियांना रोजच्या जगण्यातल्या गोष्टींचे शिक्षण मिळावे हा त्याचा हेतू. नागपुरात त्याच काळात जाईबाई चौधरी मुलींची शाळा चालवत होत्या. स्त्री शिकली नाही तर चळवळ एका पायावर चालेल, हे या भागातल्या कार्यकर्त्यांना फार लवकर उमगले होते.

१९२७ : शाळा, ग्रंथालय आणि पाणी

१९२७ मध्ये हरदासांनी कामठीत रात्रशाळा सुरू केल्या. दिवसा मुले कामावर जात, म्हणून शाळा रात्री. एका वेळी या शाळांत ८६ मुले आणि २२ मुली शिकत होत्या. त्या बावीस मुलींचा विचार करा. दिवसभर घरकाम आणि विडीचे काम करून, अंधार पडल्यावर, कंदिलाच्या उजेडात पाटी घेऊन बसणाऱ्या मुली. त्यांना पाठवायला तयार झालेले आईबाप. एकेका घरी जाऊन त्यांचे मन वळवल्याशिवाय हा आकडा होत नाही.

त्याच सुमारास संत चोखामेळा ग्रंथालयही उघडले. नुसते अक्षर शिकवून माणूस शिकत नाही, वाचायला काही हाताशी असावे लागते. शाळा आणि ग्रंथालय त्यांनी जवळजवळ बरोबरच काढले, यात त्यांचा विचार दिसतो.

हेच वर्ष महाडचे. मुंबई प्रांताच्या कायदेमंडळाने १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मान्य केला होता. सार्वजनिक पाणवठे, शाळा आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचे कागदावर आणले. तरी तळ्यावर कोणी जाऊ शकत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले, तेव्हा त्या कागदाला अर्थ आला. नगरपालिकेने ठराव केला म्हणून सोय मिळाली असे होत नाही. ती घ्यायला माणसे उभी राहावी लागतात.

इकडे विदर्भातही त्याच वर्षी पाण्याचीच गोष्ट घडली, पण उलट बाजूने. रामटेकला अंबाळा तलावात पुण्य मिळते म्हणून आपले लोक आंघोळ करत. पाणी घाण असे. हरदासांनी किसन फागूजी बनसोडे यांच्या अध्यक्षतेखाली रामटेकला लोकांची सभा भरवली आणि मूर्तिपूजा सोडा, या घाण पाण्यात उतरू नका, असे आवाहन केले. महाडला स्वच्छ पाण्याचा हक्क मागितला गेला, रामटेकला घाण पाण्यातले पुण्य नाकारले गेले. माणसाची प्रतिष्ठा हाच दोन्हीकडचा मुद्दा होता.

मूर्तिपूजेला विरोध असूनही नाशिकच्या काळाराम मंदिर सत्याग्रहासाठी १९३० मध्ये हरदासांनी आपल्या कार्यकर्त्यांची तुकडी पाठवली. यात कुणाला विसंगती वाटेल. पण तो लढा देवाच्या दर्शनापेक्षा समान नागरी हक्काचा होता, हे त्यांनी ओळखले होते.

बाबासाहेबांच्या सोबत

१९२८ च्या सुमारास हरदासांची बाबासाहेबांशी भेट झाली. त्यानंतर कामठीतले काम आणि देशपातळीवरचे राजकारण एकमेकांत मिसळत गेले. ऑगस्ट १९३० मध्ये नागपुरात अखिल भारतीय दलित परिषद बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली झाली. ती उभी करण्यात हरदासांचा वाटा होता.

१९३१ मध्ये दुसऱ्या गोलमेज परिषदेत प्रश्न आला, अस्पृश्यांचा प्रतिनिधी कोण? गांधीजींनी तो मान आपल्याकडे घेतला होता. हरदासांनी इंग्लंडचे पंतप्रधान रॅम्से मॅकडोनाल्ड यांना तार करून आमचे नेते डॉ. आंबेडकर आहेत हे कळवले आणि ठिकठिकाणच्या कार्यकर्त्यांनाही तशा तारा पाठवायला लावल्या. तारेचे पैसे शब्दागणिक मोजावे लागत. विडी वळणाऱ्या, गिरणीत राबणाऱ्या लोकांच्या खिशातून ते गेले.

७ मे १९३२ रोजी दलितांची अखिल भारतीय परिषद खुद्द कामठीत भरली. स्वागताध्यक्ष होते हरदास. बाबासाहेब तिथे आले तेव्हा स्वतंत्र मतदारसंघ की संयुक्त मतदारसंघ, यावरून समाजात दोन तट पडले होते. अशा वेळी छोट्या कामठीने बाबासाहेबांचे प्रचंड स्वागत केले. देशभरातून आलेल्या प्रतिनिधींची राहण्या-जेवण्याची, पाण्याची, मांडवाची व्यवस्था लावायची म्हणजे गावभर माणसे हाताशी हवीत. रात्रशाळा, सहभोजने, विडी कामगारांची संघटना यांनी ती आधीच जोडून ठेवली होती.

एक शब्द

कामठीत मुस्लीम वस्ती मोठी. दोन माणसे रस्त्यात भेटली की एक सलाम करतो, दुसरा त्याच आदराने उत्तर देतो, हे हरदास रोज पाहत. आपल्या माणसाला मात्र समोरच्याची जात बघून वाकून जोहार घालावा लागे. जोहार घालणारा खाली आणि घेणारा वर, हे त्या शब्दातच होते. आपल्या माणसांना एकमेकांना अभिवादन करायला स्वतःचा शब्द हवा, असे हरदासांना वाटले. एकाने ‘जय भीम’ म्हणायचे आणि दुसऱ्याने ‘बल भीम’ असे उत्तर द्यायचे, अशी त्यांची मूळ कल्पना होती असे सांगतात. पुढे दोन्हीकडून ‘जय भीम’च रूढ झाले. म्हणणारा आणि उत्तर देणारा एकाच पातळीवर आले.

हा शब्द पसरला कारण तो पोहोचवायला माणसे होती. रात्रशाळेतली मुले होती, विडी कामगार होते, परिषदांना जाणारे कार्यकर्ते होते. नुसती घोषणा काढून कुठलाही शब्द समाजाच्या तोंडी बसत नाही.

कायदेमंडळात

१९३६ मध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३७ च्या निवडणुकीत नागपूर-कामठी मतदारसंघातून हरदास पक्षाचे उमेदवार होते. समोर पैशाचे बळ होते. त्यांनी माघार घ्यावी म्हणून मोठी रक्कम देऊ केली गेली आणि ती नाकारल्यावर धमक्या आल्या, ही गोष्ट कामठीत आजही सांगितली जाते. हरदास हटले नाहीत आणि निवडून आले. मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या कायदेमंडळात विडी कामगारांचा हा माणूस जाऊन बसला. १९३८ मध्ये प्रांतातल्या पक्षशाखेचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले.

आज मत देणे आपल्याला साधी गोष्ट वाटते. तेव्हा मतदानाचा हक्क मालमत्ता, कर किंवा शिक्षण यांच्या अटींवर मिळे. नगरपालिकांतही तसेच होते. वस्तीत दिवा लागणार की नाही, नाली कुठून जाणार, हे ठरवणाऱ्या सभागृहाच्या निवडणुकीत वस्तीतल्या बहुतेक माणसांना मतच नव्हते. अशा काळात मिळालेली ही जागा होती.

ती त्यांना फार दिवस लाभली नाही. क्षयाने शरीर पोखरले होते. १२ जानेवारी १९३९ रोजी त्यांचे निधन झाले. सहाच दिवसांपूर्वी त्यांना पस्तीस वर्षे पूर्ण झाली होती. कन्हानच्या काठी त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले.

१९४२ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना नागपुरात झाली. १९५६ मध्ये धम्मदीक्षेसाठी बाबासाहेबांनी नागपूर निवडले. हे दोन्ही प्रसंग पाहायला हरदास नव्हते. पण ज्या लोकांनी त्या दिवसांत नागपूर भरून टाकले, त्यांतल्या कितीतरी जणांना हरदासांच्या पिढीने वाचायला, संघटित व्हायला आणि मान वर करून अभिवादन करायला शिकवले होते.

आपल्यासाठी

तरुण मित्रांनो, हरदासांच्या आयुष्यात दोन गोष्टी बरोबर चालतात. एक, सरकारने दिले नाही म्हणून ते वाट बघत बसले नाहीत. शाळा नव्हती, शाळा काढली. ग्रंथालय नव्हते, ग्रंथालय काढले. दोन, आपण काढले म्हणून सरकारचे काम संपले, असेही त्यांनी मानले नाही. ते कायदेमंडळापर्यंत गेले, कारण वर्गणीतून रात्रशाळा चालते, पण साऱ्या समाजाला शिकवायचे तर सार्वजनिक तिजोरीतला वाटा लागतो.

आज आपल्याकडे यातली पहिली गोष्ट बऱ्यापैकी दिसते. नागपूरच्या वस्त्यांमधल्या विहारांत अभ्यासिका चालतात, तरुण वर्गणी काढून पुस्तके आणतात, जयंतीला रक्तदान शिबिरे होतात. दुसऱ्या गोष्टीत आपण कमी पडतो. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नागरी संस्थांसाठी १८ विषयांची यादी दिली. पाणीपुरवठा, सार्वजनिक आरोग्य, झोपडपट्टी सुधारणा, दुर्बल घटकांच्या हिताचे रक्षण हे सगळे त्यात आहे. आता प्रत्येक प्रौढाला मत आहे, राखीव जागा आहेत, २००५ पासून माहितीचा अधिकार आहे. तरी आपल्या प्रभागाच्या वाट्याला अंदाजपत्रकातले किती पैसे आले आणि ते कुठे खर्च झाले, हे विचारायला आपल्यातले किती जण झोन कार्यालयात जातात?

विहारातली अभ्यासिका चालवाच. पण प्रभागातले सार्वजनिक वाचनालय बंद का, महापालिकेच्या शाळेत शिक्षक किती, वस्तीची गडर लाइन दर पावसाळ्यात का तुंबते, हेही लेखी विचारा. उत्तर आले नाही तर पुन्हा विचारा. अभ्यासिकेतल्या दहा मुलांनी महिन्यातून एक दिवस एवढेच काम केले, तरी ते बाबू हरदासांना खरे अभिवादन ठरेल.

ज्या कन्हानच्या काठी ते विसावले, तिचे पाणी आज शुद्ध होऊन नागपूरच्या अनेक वस्त्यांच्या नळांना येते. पुढच्या वेळी नळाखाली भांडे धरताना हे आठवा. पाणी पुरेसे येत नसेल, गढूळ येत असेल, तर नुसते बोलून सोडून देऊ नका. अर्ज लिहा, शेजाऱ्यांच्या सह्या घ्या आणि कार्यालयात नेऊन द्या. समोरच्याला ‘जय भीम’ म्हणून सुरुवात करा.

बाबू हरदास एल. एन. यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन. जय भीम!